पाचट कुजवले, तरी सेंद्रिय कर्ब घटला. मग तो गेला कुठे?

बांधावरचा

नमस्कार. वारणाकाठी माझी तीन एकर काळी जमीन आहे आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, ती मी स्वतः कसतो. पहिली चार वर्षे ऊस तुटून गेला की मीही इतरांसारखे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवून देत असे. दोन वर्षांपूर्वी ते बंद केले. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात, पाचट सरीत दाबले, दर टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू या शिफारशीप्रमाणे सगळे टाकले आणि लगेच पाणी दिले. सहा महिन्यांनी सरी उकरून पाहिली, तेव्हा पाचटाचे काळपट तुकडे बोटांत चुरगळत होते आणि प्रत्येक मुठीत दोन-तीन गांडुळे सापडत होती. आता कर्ब वाढणार, याची मला खात्री वाटली.

पाचट दाबण्यापूर्वीच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, ०.४२ टक्के होता. गेल्या आठवड्यात नवा अहवाल हाती आला, त्यात तो ०.३९ टक्के आहे. एकरी साडेतीन टन पाचट दोन वर्षे घातले, म्हणजे एकरी सात टन झाले. त्यातले काहीच मातीत दिसत नसेल, तर ते गेले कुठे? आमच्याकडे हल्ली ‘शेतात कर्ब साठवा आणि त्याचे पैसे मिळवा’ असे सांगणारी मंडळी अर्ज घेऊन फिरत आहेत, म्हणूनही विचारतो. जो साठवला तो दिसत नाही आणि जो दिसत नाही त्याचे पैसे मिळणार, हे गणित मी आयुष्यभर गणित शिकवूनही मला सुटलेले नाही.

प्रयोगवही

गुरुजी, माती परीक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आधी त्या दोन आकड्यांबद्दल लिहिते.

आपल्याकडे सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी वॉकली आणि ब्लॅक यांच्या पद्धतीने मोजतात. ही पद्धत १९३४ सालची आहे. वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून काढलेली एक ग्रॅम माती चंबूत घ्यायची, तिच्यावर दहा मिलिलिटर नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट आणि वीस मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतायचे. चंबू हातात धरवत नाही इतका तापतो. अर्धा तास तसाच ठेवला की मातीतला कर्ब त्या डायक्रोमेटमधला काही भाग खर्च करतो, आणि उरलेला भाग किती हे ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडून मोजायचे. शेवटी जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तिथे थांबायचे.

आता आपला हिशेब. एक ग्रॅम मातीत ०.४२ आणि ०.३९ टक्के यांच्यातला फरक ०.३ मिलिग्रॅम कर्बाचा आहे. या पद्धतीत साधारण ७७ टक्केच कर्ब जळतो आणि बाकीचा १.३ ने गुणून धरला जातो. ते लक्षात घेऊन मांडले, तर तो फरक ब्युरेटमध्ये ०.१५ मिलिलिटरचा येतो. म्हणजे तीन थेंब. तीन थेंबांचा फरक संध्याकाळी साडेपाच वाजता शंभरावा नमुना तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर सोडण्यासारखा नाही.

दुसरे असे की एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत ०.०५ ते ०.१ टक्क्याचा फरक सहज सापडतो. नमुना किती ठिकाणांहून घेतला, किती खोलीवरून घेतला आणि कोणत्या महिन्यात घेतला, हे दोन्ही वेळा सारखे होते का? शिवाय चाळताना काडीकचरा आणि मुळ्या आम्ही वेचून बाजूला काढतो. आपल्या बोटांत चुरगळणारे ते पाचटाचे तुकडे परीक्षणात धरलेच गेले नसणार.

तेव्हा कर्ब घटला असे हे दोन आकडे सिद्ध करत नाहीत, आणि तो वाढला नाही असेही सिद्ध करत नाहीत.

बांधावरचा

ताई, कबूल करायला हवे. पहिला नमुना मी स्वतः घेतला होता, आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, मे महिन्यात. दुसरा नमुना गड्याने आणला आणि तोही पावसाळा संपता संपता. त्याने किती खड्डे घेतले, हे विचारल्यावर तो नुसता हसला.

तरीही माझा प्रश्न उरतोच. सात टनांचा माल घातला आहे. तो तीन थेंबांच्या चुकीत कसा लपेल?

पीकपाणी

गुरुजी, मला वाटते उत्तर सोपे आहे. ऊस हे खादाड पीक आहे. आपण पाचटातून दिलेला कर्ब उसानेच पुन्हा खाल्ला असणार. आमच्या भागात म्हणतातच की उसाने जमिनीतला कर्ब ओढून घेतला आणि जमिनी दगड झाल्या.

नुसता हिशेबी

पीकपाणी, जमिनी कडक झाल्या हे खरे असले, तरी उसाने कर्ब मुळांवाटे ओढला हे बरोबर नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि तो दूर करणारा पहिला प्रयोगही जुना आहे. फान हेल्माँट नावाच्या फ्लेमिश वैद्याने २०० पौंड वाळलेली माती एका कुंडीत भरून तिच्यात पाच पौंडांची वाळुंजाची फांदी लावली आणि पाच वर्षे तिला फक्त पाणी घातले. शेवटी झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती जेमतेम दोन औंस कमी भरली. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापले गेले. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो चुकला. गंमत अशी की कोळसा जाळल्यावर निघणारा वायू याच माणसाने ओळखला होता आणि ‘गॅस’ हा शब्दही त्याचाच आहे. झाड ज्यापासून बनले होते तो वायू त्याला ठाऊक होता, फक्त त्याचा आणि कुंडीतल्या झाडाचा संबंध त्याने जोडला नाही.

उसाचा कर्ब पानांवाटे हवेतून येतो. किती येतो, ते गुरुजींच्या एका एकरावर मांडून पाहू. हवेत सध्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२४ भाग आहेत. साऱ्या वातावरणात मिळून हा कर्ब ९०० अब्ज टनांच्या आसपास भरतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तो सारखा वाटला, तर एका एकराच्या डोक्यावर, अगदी वरपर्यंतच्या हवेत, सुमारे सात टन कर्ब येतो.

आता पीक पाहा. एकरी चाळीस टन ऊस धरला, तर त्यात सुका अंश बारा टनांच्या आसपास, वर साडेतीन टन पाचट आणि शिवाय मुळे. या सुक्या मालात कर्ब चाळीस-बेचाळीस टक्के असतो. बेरीज पुन्हा सात टनांच्या जवळ येते. म्हणजे एका हंगामात गुरुजींचा ऊस त्यांच्या एकरावरच्या आभाळात जितका कर्ब आहे, साधारण तितका सगळा खाली उतरवतो. वारा नवी हवा आणत राहतो, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

आणि मग तो परत जातो. बगॅस, म्हणजे रस काढलेले चिपाड, कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते. मळी आसवनीत जाते, तिथे साखरेच्या सहा कर्ब अणूंपैकी दोन आंबतानाच वायू होऊन उडतात आणि उरलेले चार इथेनॉलमधून गाडीच्या धुरात जातात. साखर आपण चहातून पितो आणि दोन-चार तासांत श्वासावाटे सोडून देतो. वर्ष-दीड वर्षात जवळजवळ सगळे चुकते होते. निसर्गातला कर्बाचा साठा म्हणजे दुसरे काही नसून या परतीला झालेला उशीर आहे, असे मला वाटते. उसाच्या बाबतीत हा उशीर एका वर्षाचा असतो. जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईत तो दीडशे-दोनशे वर्षांचा असतो, कारण तिथे पाणी आणि वाळवी पोहोचलेली नसते. चंद्रपूरकडच्या दगडी कोळशात तो पंचवीस कोटी वर्षांहून अधिक झाला होता, तो आपण संपवला.

प्रयोगवही

हिशेबींनी हवेचा हिशेब मांडला, मी मातीचा पुरा करते. एक एकर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन साधारण ८०० टन असते. त्यात ०.४ टक्के म्हणजे ३.२ टन कर्ब. साडेतीन टन पाचटात कर्ब दीड टन धरा, दोन वर्षांचा तीन टन झाला. तो सगळा मातीत राहिला असता, तर अहवालात ०.४२ च्या जागी ०.८० च्या आसपास आकडा आला असता आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आपला फोटो आला असता.

तो राहत नाही, कारण पाचट कुजते म्हणजे जिवाणू आणि बुरशा ते खातात आणि खाल्लेल्यातला मोठा भाग आपल्यासारखाच श्वासावाटे सोडतात. वर्ष-दोन वर्षांनी शंभरातले दहा-पंधरा, फार तर वीस भाग मातीत उरतात. तीन टनांतले साडेचार क्विंटल उरले असे धरले, तर ती वाढ ०.०५ टक्क्याच्या आसपास होते. त्याच काळात जुन्या ह्यूमसमधलाही, म्हणजे पूर्वीच कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थातलाही, थोडा कर्ब झिजत असतो, तो वजा करा. राहिलेली वाढ तीन थेंबांच्या आगेमागे आहे. आपले सात टन लपले ते असे.

जी शिफारस आपण पाळलीत, तिच्यातल्या युरियाचेही कारण यातच आहे. मातीत टिकून राहणाऱ्या सेंद्रिय पदार्थात दर दहा ते बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो, हे प्रमाण जवळपास कुठल्याही मातीत फारसे हलत नाही. साडेतीन टन पाचटात नत्र पंधरा किलोच्या आसपास असतो. आपण २८ किलो युरिया टाकलात, त्यातून तेरा किलो मिळाला. दोन्ही मिळून २८ किलो नत्र, आणि तो सगळाच्या सगळा ह्यूमसमध्ये गेला असे मानले, तरी फार तर तीनशे किलो कर्ब बांधला जाईल. दीड टनातले उरलेले बाराशे किलो मातीत थांबावेत, अशी कितीही इच्छा असली तरी त्यांना बांधायला दावे नाही.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात राहतो. रॉथमस्टेड हे जुने शेती संशोधन केंद्र इथून जवळ आहे, त्यामुळे या धाग्यात लिहिण्याचा मोह आवरत नाही. तिथे गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून त्याच शेतात, त्याच वाफ्यांत अखंड चालू आहे. काही वाफ्यांना दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळते आणि त्यांच्यातला कर्ब खत न मिळालेल्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक झाला आहे.

मला त्याहून अधिक आवडतो तो शेजारच्या बार्लीच्या शेतातला एक वाफा. त्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग कायमचे थांबवले. ज्याला कधीच काही मिळाले नाही अशा वाफ्यापेक्षा त्याच्यात आजही कर्ब जास्त आहे. खत घालणारे गेले, त्यांची नातवंडे गेली, पण त्या शेणातला काही अंश अजून मातीला धरून आहे.

तरीही इथले आकडे वारणाकाठी लावताना जपून लावावेत. इथले वर्षाचे सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास असते आणि आपल्याकडचे पंचवीस-सव्वीस. ओल पुरेशी असेल, तर दर दहा अंशांना कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबाने इथल्या मातीत जे तीन वर्षांत झिजते, ते आपल्याकडे वर्षात झिजते. त्यातून ऊस म्हणजे बारमाही पाणी. उष्णता आणि ओल दोन्ही हाताशी असल्यावर जिवाणूंना सुट्टी कशी मिळणार? कोरडवाहू रानात निदान उन्हाळ्याचे चार महिने त्यांचा कारभार मंदावतो.

पीकपाणी

हिशेबी, पानांचे पटले, आणि चूक दाखवल्याबद्दल आभार. पण काळी माती काळी असते ती कर्बामुळेच ना? मग गुरुजींच्या काळ्याभोर रानात ०.४ टक्के म्हणजे काहीच नाही.

कातळ

पीकपाणी, हा रंग भल्याभल्यांना फसवतो. आपल्या रेगूर मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या खालीच सापडतो, आणि देशभर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत ०.५ पेक्षा कमी म्हणजे ‘कमी’. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तांबड्या मातीत याच्या दुप्पट-तिप्पट कर्ब असू शकतो. काळा रंग येतो तो बेसाल्टमधल्या टायटॅनियमयुक्त लोहखनिजांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या थोड्याशाच ह्यूमसमुळे. थोडे काजळ पुष्कळ तेलात कालवले, तरी तेल काळे होते.

मात्र ते चिकटणे महत्त्वाचे आहे. ह्यूमस म्हणजे जिवाणूंना न पचणारा काही खास पदार्थ, असे पूर्वी शिकवत असत. आता समज बदलली आहे. पदार्थ पचण्याजोगा असला, तरी तो चिकणमातीच्या पापुद्र्यावर घट्ट बसला असेल किंवा मातीच्या ढेकळाच्या आत अशा बारीक पोकळीत अडकला असेल की जिवाणू आणि हवा तिथे पोहोचत नाहीत, तर तो टिकतो. काळ्या मातीत निम्म्याहून अधिक चिकण असू शकते, म्हणजे जागा भरपूर आहे. पण दर हंगामात रोटाव्हेटर फिरवून ढेकळांचा भुगा करत राहिलो, तर आत लपलेला कर्ब उघड्यावर येतो. गुरुजी, आपण रोटाव्हेटर किती वेळा फिरवता?

दुसरे म्हणजे या धाग्यात अर्ध्याच कर्बाची चर्चा चालली आहे. आपल्या रानात फूट-दोन फूट खोल उकरलेत, तर पांढरे, हरभऱ्याएवढे खडे सापडतील. ती चुनखड. तिच्यावर लिंबू पिळा, फेस येईल. त्या बुडबुड्यांत जो वायू आहे, तोही कर्बच आहे, आणि प्रयोगवहींच्या परीक्षणात तो मोजला जात नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभराचा अंदाज काढला, तेव्हा वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब चुनखडीतल्या कर्बाच्या दुपटीहून जास्त निघाला, पण दीड मीटर खोलीपर्यंत गेल्यावर चुनखडीतला कर्ब सेंद्रियाच्या पुढे गेला.

बांधावरचा

कातळराव, रोटाव्हेटर प्रत्येक लागणीला दोनदा फिरतो. तो मुद्दा वहीत लिहून घेतला.

चुनखड माझ्या खालच्या तुकड्यात भरपूर आहे आणि आजवर मी तिला शिव्याच घालत आलो. ती पांढरी पीडा कर्बाचा साठा निघाली, तर मी अर्जवाल्यांना तोच तुकडा दाखवू का?

कातळ

दाखवू नका, कारण त्या खड्यातला कर्ब कुठून आला हे ठरवल्याशिवाय तो साठा मानता येत नाही. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला वायू मातीच्या पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल बनते. ते बेसाल्टला हळूहळू खाते, त्यातून कॅल्शियम सुटते आणि वायूचे बायकार्बोनेट होते. पाणी आटले की कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून चुनखड बसते, पण बसताना दोन बायकार्बोनेटपैकी एकातला कर्ब खड्यात राहतो आणि दुसऱ्यातला पुन्हा वायू होऊन निघून जातो. बोअरच्या पाण्याने बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो, तो याच क्रियेने धरतो.

कॅल्शियम ताज्या बेसाल्टमधून आले असेल, तर दोन्ही कर्ब मुळात हवेतले होते आणि त्यातला एक अडकला. तेवढी खरी बचत. पण वरच्या थरातली जुनी चुनखड विरघळून खाली पुन्हा बसली असेल, तर एक कर्ब तिच्याच पोटातला होता, एक हवेतला, आणि जाताना एक गेला. निव्वळ शिल्लक शून्य. शिवाय युरियाचे मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते चुनखड विरघळवून वायू सोडू शकते. आपण शिव्या घालत आलात, तेही अगदीच अस्थानी नाही: कॅल्शियम चुनखडीत अडकत गेले की चिकणमातीवर सोडियमचा वाटा वाढतो, निचरा बिघडतो आणि जमीन चोपण होत जाते.

खरी मोठी बचत होते ती न बसलेल्या बायकार्बोनेटची. ते वारणेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आज उरलेला विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, वर उष्णता आणि मोसमी पाऊस. हवेतला कर्ब खडकाच्या झिजेतून समुद्राकडे नेणारे जगातले हे एक मोठे क्षेत्र आहे. हे काम फार सावकाश चालते, पण एकदा समुद्रात विरघळलेले बायकार्बोनेट हजारो वर्षे तिथेच राहते. समुद्रात एकूण ३८,००० अब्ज टन कर्ब आहे, वातावरणातल्यापेक्षा चाळीसपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक याच रूपात आहे.

भरतीओहोटी

समुद्र आलाच आहे, तर रत्नागिरीहून मीही थोडे लिहितो. आमच्या खाडीतल्या कांदळवनात ओहोटीच्या वेळी उतरलो की पाय गुडघ्यापर्यंत चिखलात जातात आणि काढताना सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास हीच त्या साठ्याची पावती. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या त्या चिखलात बोटभर खोलीखाली प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात, म्हणून तो वास, आणि म्हणूनच पाने आणि मुळे कुजण्याचा वेग मंद. तिवरांच्या खोडापानांत असतो त्याच्या कितीतरी पट कर्ब त्यांच्या बुडाच्या चिखलात असतो, आणि गाळ वर चढत जातो तसा तो खाली खाली गाडला जातो. गुरुजींच्या रानात जे दोन वर्षांत संपते, ते इथे शेकडो वर्षे पुरते. मात्र बांध घालून तो चिखल वाळवला, कोळंबीची तळी खणली, की इतक्या वर्षांचा उशीर थोड्याच काळात भरून निघतो.

समुद्र कर्ब पोटात घेतो हे जगाच्या बेरजेत खरे आहे. आपण जाळलेल्या इंधनातला जवळजवळ चौथा भाग तो घेतो. पण आपला अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात उलटा वागतो. मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे पाणी वर येते, त्याच्यात आधी बुडून कुजलेल्या सूक्ष्म जीवांचा कर्ब असतो आणि तो वर येताच हवेत सुटतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मंडळींनी नव्वदच्या दशकात बोटीवरून मोजमापे घेऊन हे दाखवण्यात मोठा वाटा उचलला. त्याच दशकात, १९९३ पासून, गोव्यात काणकोणजवळच्या काब-द-राम भूशिरावर बाटल्यांत हवा भरून कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे काम सुरू झाले. जागा अशी निवडलेली की पावसाळ्यात दक्षिण गोलार्धातून समुद्रावरून आलेली हवा मिळावी आणि हिवाळ्यात देशातून वाहत आलेली. एकाच कड्यावर उभे राहून दोन दुनियांचा श्वास बाटलीत धरता येतो.

बांधावरचा

एका घटलेल्या आकड्यावरून आपण सर्वांनी मला गोव्याच्या कड्यापर्यंत आणले. आभार. माझ्या मनात जी गाठ होती ती सुटली: पाचट वाया गेले नाही. ते गांडुळांनी आणि जिवाणूंनी खाल्ले, त्यातले नत्र त्यांच्यामागून उसाने घेतले, आणि खाऊन झाल्यावर जे उष्टे उरले त्यालाच अहवाल सेंद्रिय कर्ब म्हणतो. ढेकळे पूर्वीपेक्षा सहज फुटतात आणि पाण्याची पाळी दोन दिवस लांबली आहे, हे मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले होते. आकडा पाहून मात्र ते विसरलो.

अर्जवाल्यांचे काय करावे, हे मात्र ठरत नाही.

नुसता हिशेबी

गुरुजी, सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. सुरुवातीचा नमुना किती खोलीचा आणि किती ठिकाणांचा घेणार? वाढ मातीतून मोजणार की संगणकातल्या अंदाजावरून धरणार? आणि पाच वर्षांनी मी जमीन विकली किंवा खोल नांगरली आणि साठलेले उडून गेले, तर पैसे परत द्यायचे का? उशिराचे पैसे घ्यायचे असतील, तर किती वर्षांचा उशीर विकतो आहोत हे दोघांनाही ठाऊक हवे. माझ्या अंदाजाने एकरी दोन-तीन क्विंटल कर्ब वर्षाला टिकला, तर ती फारच चांगली गोष्ट झाली. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत त्याला ३.६७ ने गुणा. साधारण टनभर होईल. त्या एका टनासाठी कोण किती देतो आणि कागदपत्रांना किती खर्च येतो, ते पाहून ठरवा.

पीकपाणी

म्हणजे पैशांसाठी नको, जमिनीसाठी पाचट ठेवा, असेच ना?

नुसता हिशेबी

मी असे म्हटले नाही. पैसे मिळत असतील तर घ्यावेत. फक्त मोजल्याशिवाय घेऊ नयेत.

दूरदेशी

मोजण्यावरून एक सुचवतो. रॉथमस्टेडला १८४३ पासूनच्या माती, धान्य आणि पेंढ्याचे तीन लाखांच्या आसपास नमुने बाटल्यांत आणि डब्यांत जपून ठेवलेले आहेत. ठेवणाऱ्यांना त्या मातीत पुढे काय काय मोजता येईल याची कल्पनाही नव्हती. अणुचाचण्यांमुळे १९६०च्या दशकात हवेत वाढलेला किरणोत्सारी कर्ब मातीत किती वेगाने शिरला, हेसुद्धा नंतर त्यातल्या जुन्या बाटल्या उघडून पाहता आले. गुरुजी, आपणही दरवर्षी एक बाटली ठेवा.

बांधावरचा

ठेवली. शेताच्या आठ ठिकाणी दगड पुरून खुणा केल्या आहेत. यापुढे दर मे महिन्यात त्याच आठ दगडांपासून एका हातावर, पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंत, मी स्वतः खड्डे घेईन; गडी फक्त घमेले धरेल. यंदाची माती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून तिच्यावर तारीख लिहिली आहे. पुढचा अहवाल लगेच काढणार नाही. पाच बरण्या झाल्या की सगळ्या एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत, एकाच माणसाच्या हाताखाली देईन.

प्रयोगवही

गुरुजी, उत्तम. फक्त बरणी आधी धुऊन उन्हात कडक वाळवा आणि माती सावलीत वाळल्यावरच भरा. ओली माती झाकण लावून ठेवलीत, तर आतले जिवाणू काम थांबवणार नाहीत आणि पाच वर्षांनी मला पुन्हा तीन थेंबांचा हिशेब सांगावा लागेल. आणि लोणच्याचे तेल राहू देऊ नका. तोही कर्बच आहे.